जर्मनीत खरेदी, सुटे पैसे आणि हिशेब: मराठी माणसाला वारंवार पडणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला निघालेली मंडळी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उदाहरणं बरीचशी श्टुटगार्टकडची आहेत. हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून चौकश्याही त्याच बाजूच्या जास्त येतात. काही प्रश्न मल्याळी सोबत्यांमुळे पडलेले आहेत. केरळच्या नर्स साठच्या दशकापासून जर्मनीत जाताहेत, त्यामुळे जर्मनच्या वर्गात शेजारच्या बाकावर मल्याळी मुलगी असणं अगदी नेहमीचं. जर्मन शब्दांचे उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत.

जर्मनची पहिली पातळी, ए-वन, झालीये. परीक्षेत चांगले मार्क आहेत. तरी दुकानात काहीच का कळत नाही?

कारण वर्गात तुम्ही बोलायला शिकलात आणि दुकानात काम पडतं ऐकण्याचं. ‘वास कोस्टेट दास?’ म्हणजे ‘हे केवढ्याला?’ हे वाक्य प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या वीस पानांत असतं. पण जर्मनीत जवळजवळ प्रत्येक वस्तूखाली किंमत लिहिलेली असते, त्यामुळे ते विचारायची वेळच क्वचित येते. उलट काउंटरवरची बाई दिवसातून शेकडो वेळा म्हणून गुळगुळीत झालेले चार-पाच प्रश्न धडाधड विचारते. ते ओळखू आले की तुम्हाला बोलायला दोन-तीन शब्द पुरतात. म्हणून माझा सल्ला असा की वाक्यं पाठ करण्याआधी प्रश्न पाठ करा.

मग काउंटरवर नेमकं काय विचारतात?

रेवे, एडेका, आल्डी, लिडल, कुठल्याही सुपरमार्केटात गेलात तरी क्रम थोड्याफार फरकाने हाच.

आधी ‘हालो’. त्याला ‘हालो’ म्हणायचंच. न बोलता पुढे सरकणं तिकडे उद्धटपणाचं समजतात. श्टुटगार्टकडे एखादी वयस्कर बाई ‘ग्र्युस गॉट’ म्हणेल. तुम्हीही तेच म्हणा.

मग ‘हाबेन झी आइने पेबॅक-कार्टे?’ किंवा ‘झामेल्न झी पुंक्टे?’ पॉइंट जमवायचं कार्ड आहे का, असा प्रश्न. उत्तर: ‘नाइन, डांके’, नाही, धन्यवाद.

मग रक्कम: ‘दास माख्ट द्रायउंटत्स्वान्त्सिश ऑयरो फियर.’ २३ युरो ४ सेंट झाले.

मग ‘बार ओडर मिट कार्टे?’ रोख की कार्ड? इथे मात्र ‘नाइन, डांके’ चालत नाही.

रोख दिलेत तर ‘हाबेन झी फियर सेंट?’ वरचे चार सेंट सुटे आहेत का? मोठी नोट काढलीत तर ‘हाबेन झी एस क्लाइनर?’ लहान नोटा आहेत का? नसतील तर ‘नाइन, लाइडर निश्ट.’ आपल्याकडच्यासारखं सुट्याऐवजी चॉकलेट हातावर ठेवत नाहीत; एक सेंटसुद्धा मोजून परत करतात.

मग ‘ब्राउखेन झी डेन बोन?’ बिल हवंय का? नव्या माणसाने ‘या, बिटे’ म्हणून घेऊन ठेवावं. २०२० पासून प्रत्येक विक्रीची पावती काढणं दुकानदाराला बंधनकारक आहे, त्यामुळे एका पावासाठीसुद्धा कागद बाहेर येतो.

शेवटी ‘श्योनेन टाग नोख!’, दिवस छान जावो. त्यावर ‘डांके, इनेन आउख’ किंवा नुसतं ‘ग्लाइशफाल्स’, म्हणजे ‘तुम्हालाही’.

हे सगळं चालू असताना तुमचं सामान भराभर पलीकडे ढकललं जातं आणि पिशवीत तुम्हालाच भरायचं असतं. आधी सगळं परत ट्रॉलीत टाका, पैसे द्या, बाजूला होऊन निवांत भरा. पट्ट्यावर तुमचं आणि पुढच्याचं सामान वेगळं राहावं म्हणून मध्ये एक दांडी ठेवतात. ती ठेवलीत की मागचा माणूस ‘डांके’ म्हणतो.

आकडे उलटे का म्हणतात? डोकं चक्रावतं.

ही तक्रार मराठी माणसाने करावी याचं मला कायम नवल वाटतं. त्रेपन्न म्हणताना आपण आधी तीन म्हणतो, मग पन्नास. जर्मनमध्येही ‘द्राय-उंट-फ्युन्फ्त्सिश’, तीन आणि पन्नास. पंचेचाळीस म्हणजे आधी पाच, मग चाळीस, तिकडे ‘फ्युन्फ-उंट-फिर्त्सिश’. क्रम अगदी तोच. अडचण होते ती मनात इंग्रजीत मोजल्यामुळे: ऐकलेला आकडा आधी ‘फिफ्टी थ्री’ करायचा आणि मग समजून घ्यायचा. इंग्रजीला मधून काढा. ‘द्रायउंटफ्युन्फ्त्सिश’ ऐकलं की थेट ‘त्रेपन्न’ लिहा.

खरी कसरत शेजारच्या बाकावरच्या मल्याळी मुलीची असते. मल्याळममध्ये एकवीस म्हणजे ‘इरुपत्तियोन्न’, आधी वीस मग एक. तिला क्रम खरोखर उलटवावा लागतो. आपल्याला उलटवावं लागतं ते फक्त ‘एकोण’वाल्या आकड्यांत. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. जर्मनमध्ये मात्र सरळ ‘नॉयन-उंट-त्स्वान्त्सिश’, नऊ आणि वीस. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ हे वेगळे काढून घोका, कारण दुकानातल्या कितीतरी किमती ९ वर संपतात.

आणखी दोन बारकावे. फोनवर किंवा गोंगाटात ‘त्स्वाय’ म्हणजे दोन आणि ‘द्राय’ म्हणजे तीन सारखेच ऐकू येतात, म्हणून दोनला ‘त्स्वो’ म्हणतात. तो काही नवा आकडा नाही. आणि कोणी फोन नंबर किंवा खाते क्रमांक जोडीजोडीने सांगायला लागलं तर लाजू नका. ‘आइंत्सेल्न, बिटे’ म्हणा, म्हणजे एकेक आकडा सांगतात.

सव्वा, दीड, अडीच यांचं काय?

इथेही आपलं जर्मनशी जुळतं. दीड किलो बटाट्यांना ‘आंडर्टहाल्प किलो’ म्हणतात, ‘आइनआइनहाल्प’ही चालतं. वेळ सांगताना ‘हाल्प द्राय’ म्हणजे अडीच वाजता, साडेतीन नव्हे. ‘अर्धा तिसरा’ असा त्याचा हिशेब आहे, आणि आपला ‘अडीच’ही संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ वरूनच आला आहे. इंग्रजी डोक्यात ठेवून ‘हाफ थ्री’ ऐकणारा माणूस तासभर उशिरा पोचतो आणि दुकान बंद बघून येतो. श्टुटगार्टच्या बाजूला ‘द्रायफिर्टल फियर’ही ऐकाल: पावणेचार.

वजनाबाबत एक जुना शब्द अजून जिवंत आहे, ‘प्फुंट’. आठवडी बाजारात भाजीवाला ‘आइन प्फुंट’ म्हणाला तर समजा अर्धा किलो, बरोबर ५०० ग्रॅम. इंग्रजी पौंडाशी त्याची गल्लत करू नका.

पाटीवरची किंमत कशी वाचायची?

स्वल्पविराम आणि टिंब यांची अदलाबदल करून. २,४९ म्हणजे दोन युरो एकोणपन्नास सेंट, आणि १.२९९ म्हणजे बाराशे नव्याण्णव युरो. लॅपटॉप सव्वा युरोला मिळत नाही. बोलताना ‘त्स्वाय ऑयरो नॉयनउंटफिर्त्सिश’, किंवा घाईत नुसतं ‘त्स्वाय नॉयनउंटफिर्त्सिश’. ‘ऑयरो’चं अनेकवचन करायचं नाही: दहा असो की हजार, ‘ऑयरो’च.

खडूने लिहिलेल्या पाट्यांवर जर्मन एकाला पुढून लांब शेपूट काढतात, तो सातासारखा दिसतो. खऱ्या साताच्या पोटात आडवी रेघ असते. मोठ्या किमतीखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भावही छापलेला असतो. दोन पाकिटांची तुलना करायला तोच बघावा. कर किमतीत धरलेला असतो, वरून काही लागत नाही. बहुतेक खाद्यपदार्थांवर तो ७ टक्के असतो, इतर बहुतांश वस्तूंवर १९.

‘मला हे द्या’ कसं म्हणायचं?

‘इश हेटे गेर्न...’ आणि पुढे वस्तूचं नाव. एवढं एक वाक्य पाठ असलं की बेकरी, चीजचा काउंटर, भाजीवाला, औषधांचं दुकान, सगळं निभतं. ‘इश विल’ टाळा. ते हट्ट धरलेल्या मुलासारखं ऐकू येतं.

काउंटरवर रांग नीट नसेल तर आतून विचारणा होते: ‘वेअर कोम्ट येत्स्ट द्रान?’ आता कोणाचा नंबर? तुमचा असेल तर ‘इश!’ आणि ‘बेकोमेन झी शोन?’ हा प्रश्न नवख्याला हमखास अडकवतो. शब्दांवरून ‘तुम्हाला मिळतंय का?’ असं वाटतं, पण विचारलेलं असतं ते ‘तुमची ऑर्डर घेतली का कोणी?’ नसेल घेतली तर ‘नोख निश्ट’.

घेऊन झाल्यावर ‘झोन्स्ट नोख एटवास?’ आणखी काही? संपलं असेल तर ‘दास वेर्स’.

बेकरीत पावाचं नाव काय घ्यायचं?

गाव बघून ठरवायचं. छोट्या पावाला पुस्तकात ‘ब्र्योटशेन’ म्हणतात, श्टुटगार्टकडे ‘वेकले’, बव्हेरियात ‘झेमेल’, बर्लिनमध्ये ‘श्रिपे’. नाव आठवलं नाही तर बोट दाखवून ‘त्स्वाय फोन डेनेन, बिटे’, यातले दोन द्या. ‘त्सुम मिटनेमेन?’ म्हणजे बांधून हवंय का. मोठी लादी घेतलीत तर ‘गेश्निटेन?’ म्हणजे कापून देऊ का, असं विचारतील.

स्वयंपाकाचे जिन्नस जर्मन दुकानात कोणत्या नावाने शोधू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्यात फसगतही खूप होते.

जिरे म्हणजे ‘क्रॉयत्सक्युमेल’. नुसतं ‘क्युमेल’ लिहिलेली बाटली उचललीत तर ती शहाजिऱ्याची निघते आणि वरणाच्या फोडणीला वेगळाच वास येतो. हळद ‘कुर्कुमा’, मोहरी ‘झेन्फक्योर्नर’, मेथीदाणा ‘बोक्सहॉर्नक्ले’, कोथिंबीर आणि धने दोन्हींना ‘कोरिआंडर’. शेंगदाणे ‘एर्डन्युसे’, पण साध्या दुकानातले बहुधा खारे असतात. ‘उंगेझाल्त्सेन’ म्हणजे बिनमिठाचे बघा, नाहीतर साबुदाण्याची खिचडी बिघडलीच. मसुरीची डाळ ‘रोटे लिन्झेन’ सगळीकडे मिळते. तूरडाळ, पोहे आणि साबुदाणा यांसाठी भारतीय किंवा आशियाई दुकान गाठावं लागतं.

पिठांची गंमत वेगळी. पाकिटावर ‘टाइप ४०५’ असं काहीतरी असतं. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा आहे. आकडा वाढतो तसा कोंडा वाढतो. ४०५ म्हणजे आपला मैदा. ‘फोलकोर्न’ म्हणजे सगळ्या कोंड्यासकट दळलेलं. पोळ्यांना नुसतं ४०५ चिवट होतं आणि नुसतं फोलकोर्न तडकतं. भारतीय दुकान जवळ नसेल तर १०५० नंबरचं पीठ घ्या, पोळ्या बऱ्या होतात. रवा म्हणजे ‘ग्रीस’. शिऱ्याला ‘वाइशवाइत्सेनग्रीस’ चांगला. बेसनाला ‘किशरएर्बसेनमेल’.

दुधातुपाच्या बाबतीत मात्र चंगळ आहे. ‘क्वार्क’ हा आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ, आणि जर्मनीतली मराठी घरं वर्षानुवर्षं त्याचंच श्रीखंड करत आली आहेत. पाकिटावर ४० टक्के लिहिलेला घ्या. ‘मागर’ लिहिलेला बिनसायीचा असतो, त्याचं श्रीखंड पांचट होतं. ‘बुटरमिल्श’ म्हणजे ताक, ‘बुटरश्माल्त्स’ म्हणजे तूप. पण नुसतं ‘श्माल्त्स’ कधीही नको, ती बहुधा डुकराची चरबी असते. शाकाहारी असाल तर ‘गेलाटिने’, म्हणजे जनावरांपासून काढलेलं जिलेटिन, हाही शब्द ओळखून ठेवा. तो गोळ्या-चॉकलेटांत लपलेला असतो, काही दह्यांतसुद्धा.

देअर, दी, दास चुकलं तर दुकानदार हसेल का?

नाही. तुमची वस्तू तुम्हाला मिळेल. तो, ती, ते हा प्रकार आपल्याला नवा नाही. मल्याळममध्ये निर्जीव वस्तूंना असं लिंग नसल्यामुळे त्या मुलींना ही कल्पनाच शून्यातून रुजवावी लागते. आपला घोटाळा दुसरा: आपण मराठीतलं लिंग तसंच उचलून नेतो. चमचा ‘तो’, ‘देअर ल्योफेल’, ठीक. पण काटा जर्मनमध्ये ‘दी गाबेल’ म्हणजे ती, आणि सुरी ‘दास मेसर’ म्हणजे ते. खरेदीपुरतं एवढंच लक्षात ठेवा: ‘इश हेटे गेर्न’नंतर पुल्लिंगी वस्तू आली तर ‘आइनेन’. आइनेन काफे, आइने ब्रेत्सेल, आइन ब्र्योटशेन.

रोख ठेवावी की कार्ड चालतं?

दोन्ही ठेवा. सुपरमार्केटमध्ये कार्डाची अडचण नसते. छोट्या बेकऱ्या, आठवडी बाजार आणि काही खाणावळींत ‘नूर बारत्साहलुंग’ म्हणजे फक्त रोख अशी पाटी दिसते, किंवा ‘कार्टेनत्साहलुंग आब १० ऑयरो’, दहा युरोंच्या वर असेल तरच कार्ड. शिवाय काही ठिकाणी फक्त जर्मन बँकांचं ‘गिरोकार्ड’ चालतं, भारतातून नेलेलं कार्ड चालत नाही. आधीच विचारा: ‘कान इश मिट कार्टे त्सालेन?’ पानवाल्यापर्यंत सगळीकडे फोनने पैसे द्यायची सवय लागलेल्याला हे जड जातं खरं. एक युरोचं एक नाणं मात्र खिशात कायम असू द्या, बऱ्याच ठिकाणी ट्रॉली त्याशिवाय सुटत नाही. ट्रॉली परत लावली की नाणं परत मिळतं.

बिलावर ‘प्फांट’ म्हणून जास्तीचे पैसे लावलेत. फसवलं का?

नाही, ते बाटलीचं डिपॉझिट आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर साधारण १५, बिअरच्या बाटलीवर बहुधा ८. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घालायची, चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की पैसे बिलातून वजा होतात किंवा हातात मिळतात. बाटली चेपू नका आणि लेबल काढू नका, यंत्र घेत नाही. रस्त्यावर कचराकुंडीच्या बाजूला कोणी बाटली नीट उभी करून ठेवलेली दिसली तर ती बाटल्या गोळा करून गुजराण करणाऱ्यांसाठी ठेवलेली असते.

घासाघीस चालते का?

दुकानात नाही. जुन्या बाजारात, म्हणजे ‘फ्लोमार्क्ट’मध्ये, खुशाल करा: ‘गेट दा नोख वास?’, काही कमी होईल का? जुन्या सायकली आणि फर्निचरच्या जाहिरातीत किमतीपुढे ‘फाउ-बे’ ही अक्षरं असतील तर बोलणी करता येतात. ‘फेस्टप्राइस’ असेल तर नाही. आणि एखाद्याच्या वस्तूला ‘बिलिश’ म्हणू नका, त्यात हलक्या प्रतीचा वास येतो. ‘ग्युन्स्टिश’ म्हणा.

वस्तू परत करता येते का?

ऑनलाइन मागवलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत, कारण न सांगता. दुकानात जाऊन घेतलेली नुसती आवडली नाही म्हणून परत घ्यायला दुकानदार कायद्याने बांधलेला नाही. बरेच जण घेतात, पण ती त्यांची मर्जी. वस्तूत मुळातच दोष असेल तर गोष्ट वेगळी. नव्या वस्तूला दोन वर्षांचं कायदेशीर संरक्षण असतं. वाक्य: ‘इश म्योश्टे दास उमटाउशेन’, मला हे बदलून हवंय. पुढचा प्रश्न येणारच, ‘हाबेन झी डेन कासेनबोन?’ म्हणून तर ते बिल ठेवायला सांगितलं.

हॉटेलात बिल देताना काय बोलायचं?

‘त्सालेन, बिटे.’ मग विचारतील ‘त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?’ एकत्र की वेगवेगळं? मित्र असले तरी वेगवेगळं देणं तिकडे अगदी सहज आहे, त्यात कोणाचा मान जात नाही. टिप टेबलावर ठेवून जात नाहीत. देतानाच एकूण रक्कम सांगतात. बिल १७,६० झालं आणि विसाची नोट देऊन ‘नॉयनत्सेन’ म्हणालात, तर एक युरो परत येतो. सगळेच ठेवायचे असतील तर ‘श्टिम्ट झो’. पन्नासाची नोट पुढे करताना मात्र ‘डांके’ म्हणू नका. ‘उरलेले ठेवा’ असा त्याचा अर्थ घेतला जाऊ शकतो. सुटे हातात आले की मग आभार माना.

बँकेच्या पत्रांमधले कोणते शब्द अडतात?

विद्यार्थ्यांना पहिला भेटतो ‘श्पेरकोंटो’, बंद खातं. व्हिसासाठी त्यात वर्षभराचे पैसे आधी भरावे लागतात आणि महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते; २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ९९२ युरो आहे. रोजच्या खात्याला ‘गिरोकोंटो’. ‘युबरवाइझुंग’ म्हणजे आपण पाठवलेले पैसे, ‘डाउअरआउफट्राग’ म्हणजे दर महिन्याला आपोआप जाणारी ठरावीक रक्कम, आणि ‘लास्टश्रिफ्ट’ म्हणजे समोरच्याने आपल्या परवानगीने खात्यातून ओढून घेतलेले पैसे. चुकून ओढले गेले तर आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत मिळवता येतात.

घर घेताना ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग वगैरे खर्च धरून. डिपॉझिटला ‘काउत्सिओन’, ते काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. आणि राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत ‘रुंडफुंकबाइट्राग’चं पत्र येईल. ती फसवणूक नव्हे. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची ती वर्गणी आहे, घरटी महिना १८,३६ युरो, तुमच्याकडे टीव्ही असो वा नसो. एका घरात तिघं राहत असाल तर एकानेच भरायची.

रविवारी दुकानं उघडी असतात का?

बंद. काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप चालू असतात, तिथे भाव चढे. दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा.

इंग्रजीत बोललं तर चालणार नाही का?

मोठ्या शहरात तरुण दुकानदाराशी चालतं. खेड्यातल्या बेकरीत किंवा आठवडी बाजारात कठीण. पण सुरुवात तरी जर्मनमध्ये करा, अडलं की ‘लांगझामर, बिटे’, जरा हळू बोला. जर्मन माणूस हळू बोलायला सांगितलं म्हणून चिडत नाही. न कळता मान डोलावली की गोंधळतो.

जाण्याआधी घरबसल्या सराव कसा करू?

आल्डी, लिडलची दर आठवड्याची जाहिरातपत्रकं इंटरनेटवर बघायला मिळतात. एक उघडा आणि किमती मोठ्याने वाचत सुटा, रोज एक पान. मग जोडीदार शोधा: एकाने किंमत म्हणायची, दुसऱ्याने न थांबता आकड्यात लिहायची. वर्गात मल्याळी मुलगी असेल तर तिच्याबरोबर करा, कारण मग दोघांना इंग्रजी किंवा जर्मन एवढेच पर्याय उरतात, आणि इंग्रजी वापरायचं नाही असं आधीच ठरवून टाका. वेग आला की ९९ ने संपणाऱ्या किमती वगळा, त्या सोप्या जातात. ६७, ७६, ३४, ४३ असे अदलाबदल होणारे आकडे घ्या.